मुक्कामाची खोली

मंगळवार, ४ मार्च

प्रिय भिंगरी,

तुला आणि तुझ्या नवऱ्याला, त्या रोपवाल्यांना, आशीर्वाद. एकच पाठवतेय, निम्मा निम्मा वाटून घ्या. मी मजेत आहे असं लिहायची पद्धत असते, पण मी मजेत नाही आणि त्याला कारण तू आहेस. फोनवर तू हसत सुटतेस आणि मला नीट भांडता येत नाही, म्हणून हे पत्र. कागद निदान "थांब हं, दूध उतू जातंय" म्हणून मधेच पळून जात नाही.

तर ऐक. तुझ्या खोलीची मागची भिंत ओली झाली आहे. आतून पाइप गळतोय. हे मला भिंतीकडे बघून कळलेलं नाही, कारण भिंत दिसतच नाही. भिंतीपुढे तुझं कपाट, कपाटापुढे तुझं बिघडलेलं शिलाई मशीन, मशीनपुढे चिंध्यांच्या खोक्यांची उतरंड आणि सगळ्यांच्या पुढे पहारेकरी असल्यासारखा तो कपडे चढवून बघायचा बिनडोक्याचा पुतळा. मला कळलं ते खालच्या मास्तरीणबाईंकडून. त्या वर आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि आयुष्यभर वर्गात बोलल्या त्याच आवाजात म्हणाल्या, "तुमच्या बहिणीच्या खोलीचा नकाशा माझ्या स्वयंपाकघराच्या छतावर उमटलाय. येऊन बघा, मग आपण बोलू."

जाऊन बघितलं. खरंच नकाशा आहे. खाली घमेलं ठेवलंय आणि त्यात टप टप सुरू आहे. बाई आपल्या बाजूला बसून भाजी चिरत होत्या. वर बघत नव्हत्या, हेच मला जास्त लागलं.

प्लंबरला बोलावलं. तो आला, तुझ्या खोलीच्या दारात थबकला. हातातली हत्यारांची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"भिंत कुठाय, बाई?"

"याच्या मागे आहे."

"मग दिसली की बोलवा. मी प्लंबर आहे, हमाल नाही."

आणि चहाही न घेता गेला. मी त्याला चार शब्द सुनावणार होते, पण सुनावणार काय? माणूस बरोबर बोलत होता.

तू म्हणशील, ताई, एवढं काय त्यात, तुझं तर कामच ते. हो ना. दिवसभर हॉटेलात मी दुसऱ्यांच्या खोल्या तपासते. पलंगाच्या फळीवर बोट फिरवून धूळ दाखवते. आरशावर एक डाग दिसला तर मुलींना परत बोलावते. हाउसकीपिंगच्या सगळ्या मुली मला घाबरतात. आणि संध्याकाळी घरी येऊन तुझ्या खोलीचं दार जरा लोटून आत बघते, पुन्हा ओढून घेते आणि खुर्चीत बसते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे प्रत्यक्ष बघायला मिळेल.

तू सांगितलेले उपाय करून बघितले. "रोज थोडा वेळ कर, गजर लाव." लावला. वाजला. बंद केला. "एका वेळी एकच कोपरा घे." घेतला असता, पण कोपऱ्यापर्यंत पोचायला वाट नको का? तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. शिवाय गुडघे, शिवाय कामावर दोन मुली सुट्टीवर, शिवाय माझा वाचायचा जुना चष्मा तुझ्या पसाऱ्यानं गिळला तो गिळलाच. तुझं लग्न झालं त्या सुमारास गेला, अजून सापडला नाही. नवा नाकावर रुततो.

तू पुन्हा विचारलंस, येतेस कधी. सांगितलंय ना, खोली आवरली की येते. घर असं टाकून कशी येऊ? इथे भिंत गळतेय आणि मी तिकडे तुमच्या रोपांमध्ये बसून काय हवा खाऊ?

काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते उलट टपाली स्पष्ट कळव. मोघम नको.

तुझी, वैतागलेली,
ताई


रविवार, १६ मार्च

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद, आणि ते या वेळी सगळे रोपवाल्यांनाच दे. तुला काही मिळणार नाही.

तुझं कार्ड आलं. एवढं मोठं कार्ड, त्यावर एवढं मोठं झाड आणि मागे दोन शब्द: "सगळं टाक." याला उत्तर म्हणतात? माणूस पन्नाशी उलटेपर्यंत ज्या खोलीत राहिला, ज्या खोलीत अर्ध्या गावाचे कपडे शिवले, त्या खोलीबद्दल दोन शब्द. मी ते कार्ड दोनदा उलटून बघितलं, म्हटलं बाकीचं कुठे बारीक लिहिलंय की काय.

आणि टाक म्हटलं की टाकता येतं होय? आमच्या कामाचा पहिला धडा तुला पाठ असेल, इतक्या वेळा मी जेवताना सांगितलाय. तरी पुन्हा सांगते. हॉटेलात खोल्या दोन जातींच्या. एक सुटलेली, म्हणजे पाहुणा सामान घेऊन गेला. तिथे कसलाही विचार न करता सगळं काढायचं, धुवायचं, नवं घालायचं. दुसरी मुक्कामाची, म्हणजे पाहुणा अजून आहे, फक्त बाहेर गेलाय. तिथे कचऱ्याच्या डब्यात आहे तेवढाच कचरा. डब्याच्या बाहेर पडलेला चुरगळलेला कागदसुद्धा कचरा नव्हे. टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद असेल तर ते तसंच ठेवायचं, त्याच्या भोवतीनं पुसायचं. आणि पाहुण्याच्या बॅगेला हात लावायचा नाही, उघडी असली तरी बघायचं नाही. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवते, बाकीचं मग.

आता तू सांग, तुझी खोली कुठल्या जातीची? मशीन इथे, कात्र्या इथे, स्वेटर खुंटीवर. दर महिन्याला "पुढच्या महिन्यात नेते." अशा खोलीतली एक चिंधी तरी मी कशी उचलू?

बरं, मी काही स्वस्थ बसले नाही. पसारा नीट भरावा म्हणून झाकणांचे मोठे डबे आणले. ते डबे आता रिकामे पॅसेजमध्ये उभे आहेत आणि येता-जाता माझी नडगी फोडतात. मग वाटलं, खोलीला हात लावायच्या आधी बाकीचं घर तरी स्वच्छ असावं. स्वयंपाकघराचे पडदे धुतले. नळांवरचे पांढरे डाग घासून काढले. फडताळातले सगळे डबे खाली काढून पुसून परत लावले, जे कुणीही मागितलेलं नव्हतं. आपल्या घराचा तो भाग इतका लखलखीत कधीच नव्हता. घोडं कुठे पेंड खातंय ते मलाही कळतंय, तू सांगू नकोस.

काल मात्र खोलीत शिरले. दारापासून सुरुवात करून डावीकडून एक फेरा घालत जायचं, ही आमची पद्धत. दाराला लागून तुझं बटणांचं शेल्फ. म्हटलं, हे चटकन होईल. बसले खुर्ची ओढून. दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी, शिंपल्याची वेगळी, ज्यांना जोडीदार उरला नाही ती वेगळी. मान वर केली तेव्हा संध्याकाळ झाली होती. बटणं आता इतकी शिस्तीत आहेत की कुणी राजा आला तरी दाखवावीत. भिंत तशीच आहे.

बटणांखाली त्या निळ्या फुलांच्या कापडाचा एक तुकडा निघाला. आठवतं ना, लग्नाआधी आपल्या दोघींना गाऊन शिवलेस ते कापड? तेव्हा तू म्हणालीस, दुकानदारानं कमी भरलं, उशांचे अभ्रे होणार नाहीत. मी त्या दुकानदाराशी जाऊन भांडणार होते आणि तू मला दारातून ओढून आणलंस. मला अजून पटलेलं नाही. तेवढ्या कापडात अभ्रे व्हायलाच हवे होते.

आई म्हणायची, दोघींना एकाच ताग्यातलं घेतलं की भांडण नाही. भांडण व्हायचंच. माझ्या बाह्या लांब, तुझ्या आखूड, एवढाच फरक, आणि दोरीवरून घडी करून आणलं की कुणाचं कुठलं ते कधी कळलं नाही. तुझा निळा गाऊन तू नेलास, माझा माझ्या अंगावर विरत आलाय.

खाली आता घमेल्याच्या जोडीला एक पातेलंही आलंय. मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या की "प्रगती?" एवढंच विचारतात. मी "सुरू आहे" म्हणते. गृहपाठ न केलेल्या मुलीसारखं होतं मला, या वयात.

तू ये आणि तुझं तू ने. हा माझा शेवटचा निरोप समज.

ताई


शुक्रवार, २१ मार्च

भिंगरी,

आज नमनाला वेळ नाही.

परवा मास्तरीणबाईंच्या छताचा पोपडा पडला. ताटाच्या अगदी शेजारी. त्या वर आल्या. कागदात गुंडाळून आणलेला तो पोपडा माझ्या टेबलावर ठेवला आणि पायऱ्या उतरून गेल्या. बोलल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. मी कामावर कळवून सुट्टी घेतली, केस बांधले आणि आत शिरले. किती महिने जे झालं नाही ते एका पोपड्यानं केलं.

दारापासून फेरा घातला. शेल्फ झालं. कापायचं टेबल झालं. चिंध्या डब्यांत, कपडे बेतायचे कागदी कापे दोरीनं बांधून, पुतळा पॅसेजमध्ये. टाकलं काही नाही, फक्त हलवलं, हे लक्षात घे. मशीन ढकलत बाहेर आणलं, माझं मलाच माहीत कसं. कपाट रिकामं करून अर्धं सरकवलं तेव्हा भिंत दिसली, बुरशीनं काळी पडलेली. मग उरला पलंग. पलंगाखाली वाकून झाडू घातला आणि झाडू अडला.

तिथे एक बॅग आहे. तपकिरी, आपण कधीतरी घेतलेली आणि कधीच कुठे न नेलेली. रिकामी असेल म्हणून ओढली तर जड. धूळ बसलेली, पण चेन नीट लावलेली. वरच्या पट्ट्यांत टॉवेलची घडी अडकवलेली. बाजूच्या जाळीच्या कप्प्यात दात घासायचा ब्रश, नवाकोरा, पाकिटातला. आणि चेनच्या टोकाशी निळ्या फुलांच्या गाऊनची कड अडकून बाहेर आलेली, म्हणजे तू तो नेलाच नव्हतास.

मी बॅग उघडली नाही. तुझी शपथ घालून सांगते, चेनला बोट लावलं नाही. उघडायची गरजही नाही. आयुष्यभर लोकांच्या खोल्यांमधून फिरले, मला बॅगा वाचता येतात. काही पाहुणे खोली सोडतात आणि एक बॅग खाली काउंटरवर ठेवून जातात. विसरत नाहीत, मुद्दाम ठेवतात. जिथे जाणार तिथे जमेल की नाही याची त्यांना खात्री नसते. परत यावं लागलं तर रिकाम्या हातानं यायला नको, म्हणून.

मग एकेक जुळायला लागलं. मशीन का नेलं नाहीस. "पुढच्या महिन्यात" का संपत नाही. फोनवर एवढी हसतेस का. कसे आहेत विचारलं की "ते ठीक आहेत" म्हणून विषय का बदलतेस. रोपवाल्यांचा आवाज मी लग्नाच्या दिवशी ऐकला तेवढाच. मला तेव्हाही वाटलं होतं, इतका कमी बोलणारा माणूस आणि तू अशी अखंड फिरणारी. पण मी काही म्हटलं नाही. साक्षीदार म्हणून सही केली, फुलं दिली आणि दुपारच्या पाळीला कामावर गेले.

तिकडे काही बिनसलंय का? खरं सांग. पत्रात लिहायला जड जात असेल तर लिहू नकोस, नुसती ये. मी काही विचारणार नाही. "मी म्हटलं होतं" असंही म्हणणार नाही, कारण मी म्हटलंच नव्हतं. प्लंबर काय करायचं ते करील, तुझा पलंग मी माझ्या खोलीत हलवते.

आता एक लिहिते. न लिहिलं तर मला स्वस्थता नाही. बॅग हाताला लागली तेव्हा सगळ्यात आधी मला काळजी वाटली नाही. बरं वाटलं. मी तुझ्या पलंगाच्या कडेला बसले आणि मनातल्या मनात दोन कप मांडले, मशीनला तेल घातलं, तुझं स्वेटर खुंटीवर आहे हे किती चांगलं झालं असं मला वाटलं. तू तिकडे रडत असशील हे माझ्या डोक्यात नंतर आलं. बऱ्याच नंतर. मोठ्या बहिणीनं असं असावं का? नसावं. पण झालं ते हे.

बॅग होती तिथेच परत ठेवली आहे. तुझी आहे, तू येऊन उघड.

ताई


सोमवार, ३१ मार्च

प्रिय भिंगरी,

तुला आशीर्वाद, आणि आमच्या मेहुण्यांना वेगळे, स्वतंत्र, पूर्ण आशीर्वाद. त्यांची मी मनातल्या मनात जी काही नालस्ती केली ती त्यांना सांगू नकोस. सांगितली असशीलच म्हणा.

फोनवर तू आधी पोट धरून हसलीस आणि मग चिडलीस. इतकी चिडलेली मी तुला लहानपणी माझ्या हातून तुझी कात्री मोडली तेव्हाच बघितलं होतं. मागून ते विचारत होते, काय झालं, काय झालं. तू म्हणालीस, "ताईनं आपला संसार मोडला." आणि ते अगदी शांतपणे म्हणाले, "मग त्यांना म्हणावं, इकडे या आणि जोडून द्या." कमी बोलतात पण बोलतात, हे मान्य.

मग तू म्हणालीस, "ताई, ती बॅग उघड."

मी म्हटलं, पाहुण्याची बॅग आहे, मी उघडत नसते.

"अगं, पाहुणी तूच आहेस."

मला काही कळेना. फोन तसाच टेबलावर ठेवला, आत गेले, वाकले, बॅग ओढली, चेन उघडली. गाऊन वर काढला. बाह्या लांब होत्या, म्हणजे माझ्यासाठी शिवलेला दुसरा, नवाकोरा.

त्याखाली माझा चष्मा, फडक्यात गुंडाळलेला. त्याखाली सपाता, माझ्या मापाच्या. गुडघ्याचा पट्टा. आणि तळाशी निळ्या फुलांचा उशीचा अभ्रा, कारण परक्या उशीवर मला झोप येत नाही हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत असणार. म्हणजे कापड दुकानदारानं बरोबर भरलं होतं. त्या बिचाऱ्याला मी वर्षभर शिव्या घातल्या.

साप साप म्हणून भुई धोपटली मी. आणि चष्म्याबद्दल बोलायचं तर काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या खोलीनं गिळला म्हणत होते तिथेच, माझ्यासाठीच बांधून ठेवलेला.

फोन उचलून मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तू म्हणालीस, "सांगितलं असतं तर तू ती बॅगसुद्धा आवरायला काढली असतीस आणि मग दोन वर्षं ती आवरत बसली असतीस. म्हटलं, पलंगाखाली झाडू घालेल तेव्हा सापडेल. हाउसकीपिंगची बाई आहे, आठवड्यात सापडेल. दर वेळी फोनवर वाट बघत होते, आता म्हणशील, मग म्हणशील."

आठवड्यात. वर्ष होत आलं, भिंगरी. यापेक्षा तू मला दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

मी का आले नाही ते मला तेव्हाही माहीत होतं. फक्त खोली आवरायची आहे असं म्हटलं की दुसरं काही म्हणावं लागत नव्हतं. दार लोटून ठेवलं की तू आत आहेस असं मला चालवता येत होतं. मशीन बंद आहे, म्हणजे दोरा ओवतेस. आवाज नाही, म्हणजे उजेडाकडे तोंड करून शिलाई उसवतेस. आवरलं असतं तर तू गेलीस हे दिसलं असतं. आणि तिकडे आले असते तर त्याहून वाईट, तू मजेत आहेस हे दिसलं असतं. माझ्याशिवाय. ते बघायची माझी तयारी नव्हती. मी तुला टाकून बोलत होते, "ने तुझा पसारा", आणि तू कार्डावर "सगळं टाक" लिहिलंस तर दोन दिवस जेवण गेलं नाही.

तर आता बातमी. प्लंबर येऊन गेला. दारात उभा राहिला, बघितलं, म्हणाला, "आहे की भिंत." थोडी फोडली, आतला एक सैल झालेला सांधा आवळला, हात पुसले. "एवढंच होतं?" मी विचारलं. "एवढंच होतं बाई, पण आधी बोलावलं असतंत तर मी तरी काय केलं असतं?" या वेळी चहा घेतला. मास्तरीणबाईंचं छत रंगवून द्यायचं ठरलंय. त्यांना सांगायला गेले तर त्यांनी घमेलं पालथं घालून ठेवलं होतं. वर आल्या, खोलीत एक चक्कर मारली, "बरं झालं" म्हणाल्या आणि जाताना तो बिनडोक्याचा पुतळा मागून घेऊन गेल्या. कशाला ते विचारायची माझी छाती झाली नाही. जिन्यावरून त्याला कडेवर घेऊन उतरत होत्या.

मशीन आमच्या हॉटेलात चादरी-पडदे शिवणाऱ्या बाईंनी नेलं, त्या दुरुस्त करून वापरतील. चिंध्याही त्यांनाच. कागदी कापे तू काम आणायचीस त्या शिलाईच्या दुकानात दिले, तिथल्या मुलींनी लगेच टेबलावर पसरले. स्वेटर धुतलं. खुंटी रिकामी आहे. भिंत वाळतेय, खिडकी दिवसभर उघडी असते, दारही उघडं असतं. पहिले दोन दिवस मी वळसा घालून दुसरीकडून जायची. आता जाते समोरून.

आमच्या मुलींना मी जे शिकवते ते आता मला लिहायचंय. तुझी खोली सुटली. हे वाक्य लिहिताना हात थांबला, मी उठले, पाणी प्यायले, परत बसले, आणि लिहिलं. पलंग तिथेच आहे, त्यावर नवी चादर घातली आहे. तू येशील तेव्हा पाहुणी म्हणून ये, खिडकीकडची उशी तुला देईन.

आणि मी येतेय. खोली आवरली की येते म्हणाले होते, आवरली. मला दुसरं कारण शोधायला वेळ मिळू नये म्हणून हे पत्र मी गाडीच्या फलाटावर बसून लिहितेय. पायाशी तपकिरी बॅग आहे. तिच्यात मी काही घातलं नाही, काही काढलं नाही, फक्त बटणांचा डबा वर ठेवलाय, ज्यांना जोडीदार उरला नाही तीसुद्धा आहेत. पेटीत टाकायचं म्हटलं तर पत्र आठवडाभर पर्समध्ये राहील, तू मला ओळखतेस. म्हणून हातानंच आणते. दार उघडशील तेव्हा आधी मला आत घे, वाचायचं ते मग वाच.

एक सांगून ठेवते. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी चादरी ताणल्या, माझ्यासाठी कुणी ताणलेल्या चादरीवर मी अजून झोपलेले नाही. तेव्हा पलंग तूच घाल. कोपरे नीट दुमडलेस की नाही ते मी बघणार नाही. बघितलं तरी बोलणार नाही. माझ्या खोलीत शिरलीस तर डब्याबाहेरच्या कागदाला हात लावू नकोस, सफरचंद अर्धं टाकलं असेल तर राहू दे. आणि कधी जाणार ते विचारू नकोस.

गाडी येतेय.

तुझी, मुक्कामाला येणारी,
ताई